पिकअपला मोठे टायर : घासतात कुठे आणि का

टोयोटा हायलक्स पिकअपच्या मूळ २६५/६० आर १८ टायरचा व्यास सुमारे ७७५ मिमी. २७५/६५ आर १८ घातले तर तो ८१५ होतो. म्हणजे टायर वर, पुढे आणि मागे जवळपास २० मिमी वाढतो. स्पीडोमीटरही ५ टक्के कमी दाखवू लागतो.

घासणे बहुधा पुढच्या चाकालाच होते : स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर लायनरच्या (चाकाच्या कमानीतल्या प्लास्टिकच्या अस्तराच्या) मागच्या भागाला किंवा बंपरच्या खालच्या कोपऱ्याला. खरा घोळ ऑफसेटचा असतो, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून ते हबला बसते त्या पृष्ठभागापर्यंतच्या अंतराचा; ते रिमवर ‘ईटी’ म्हणून मिमीमध्ये लिहिलेले असते. कमी ईटीचे अलॉय रिम चाकाला बाहेर काढते, मग वळताना टायरचा फेरा मोठा होतो आणि तेच माप असूनही घासते. त्यामुळे शक्यतो मूळ ईटी सोडू नका.

लिफ्ट किट (गाडी उंच करणारे सस्पेन्शनचे भाग) हा यावरचा पूर्ण उपाय नाही. खड्ड्यात सस्पेन्शन पूर्ण दबले की टायर आधीच्याच जागी वर जातो.

म्हणून तपासणी उभ्या गाडीवर थांबवू नका. टायरच्या कडांना खडू फासा, एक पुढचे चाक उंचवट्यावर चढवा, स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. रिव्हर्समध्येही पाहा. खडू जिथे उमटेल तिथे आधी लायनर हीट गनने मऊ करून मागे दाबा, क्लिप बदला. उरलेले अंतर अलाइनमेंटमध्ये कास्टर (चाक वळते त्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) वाढवून मिळते, कारण त्याने चाक थोडे पुढे सरकते. पत्रा कापणे अगदी शेवटी.

स्टेपनी त्याच मापाची घेतलीत तर ती खालच्या जागेत बसते का, हेही बघा.