कामावरून काढलंय? मग या चुका टाळा

सुपरवायझर गेटवर म्हणाला, ‘उद्यापासून येऊ नको,’ आणि कामगार घरी जाऊन बसला. निम्मी केस इथेच जाते.

कंपनीच्या कागदोपत्री तो काढलेला नसतोच. मस्टरवर रोज गैरहजेरी लागते. मग ‘ताबडतोब कामावर रुजू व्हा’ अशी नोटीस निघते, बहुतेक वेळा जुन्या पत्त्यावर. पोस्टमन दारात आला की घरातलंच कुणीतरी सांगतं, घेऊ नको, अडकवतील. पण नाकारलेलं टपाल मिळालं असंच कोर्ट सहसा धरून चालतं. अशा दोन-तीन नोटिसा परत गेल्या, की ‘हा स्वतःहून काम सोडून गेला’ म्हणायला कंपनी मोकळी. कामगाराच्या हातात काय, तर ‘साहेब फोनवर बोलले होते’.

म्हणून त्याच संध्याकाळी अर्ध्या पानाचं पत्र लिहावं: तारीख, वेळ, गेटवर कोणी अडवलं, आणि ‘मी कामावर यायला तयार आहे’ हे वाक्य. ते स्पीड पोस्टनं, पोचपावतीसह पाठवावं. नोटीस आली तर घ्यावी, दोन ओळींत उत्तर द्यावं आणि खरंच गेटवर जाऊन उभं राहावं.

दुसरी चूक म्हणजे राजीनाम्यावर किंवा कोऱ्या कागदावर सही. ‘सही कर, हिशोब लगेच देतो’ यात मेहरबानी कसली? वेतन संहितेच्या कलम 17 प्रमाणे काढलं असो वा राजीनामा दिला असो, राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यावाच लागतो. सही होऊन गेली असेल, तर ती दबावाखाली घेतली असं लेखी त्याच दिवशी कळवावं. महिन्याभरानं आठवलेली जबरदस्ती कुणालाच पटत नाही.

काही जणांना थेट कोर्टच गाठायचं असतं. आधी कामगार आयुक्त कार्यालयात समेटासाठी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का नाही तर अर्ज दिलाच नाही, असं समजा. 45 दिवसांत तोडगा निघाला नाही तर स्वतः न्यायाधिकरणात जाता येतं, त्यासाठी युनियन लागत नाही. उलट ‘साहेबांनी शब्द दिलाय’ म्हणत थांबणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: काढल्यापासून न्यायाधिकरणात जायला पूर्वी 3 वर्षांची मुदत होती, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती 2 वर्षं आहे. थकलेल्या पगाराच्या दाव्याला 3 वर्षं मिळतात.

ठेकेदाराकडे कामाला असाल तर अर्जात मूळ कंपनीचंही नाव घाला. ठेकेदारानं पगार बुडवला तर जबाबदारी तिच्यावर येते.

पीएफची तक्रार पीएफ कार्यालयातच करायची, आणि त्याआधी पासबुक बघायचं.

हुद्दा ‘एक्झिक्युटिव्ह’ आहे म्हणून गप्प बसू नका. तुम्ही कायद्यानं ‘कामगार’ आहात का हे ठरवताना कोर्ट हुद्दा नाही, प्रत्यक्ष काम बघतं.

व्हॉट्सॲपवरचे मेसेज मात्र डिलीट करू नका आणि तो फोनही विकू नका. नुसत्या स्क्रीनशॉटवर समोरचा वकील पहिली हरकत घेतो.