बीएसडब्ल्यूचं पहिलं वर्ष: क्षेत्रकार्याची वही कशी लिहावी

बीएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदवीला, बारावीच्या कुठल्याही शाखेतून येता येतं. लेक्चरच्या नोट्स सिनियरकडून मिळतात, पण क्षेत्रकार्य, म्हणजे वस्तीत जाऊन करायचं प्रत्यक्ष काम, ज्याचं त्यालाच करावं लागतं. आमचे आठवड्यातले दोन दिवस वस्तीतच जायचे.

पहिल्या गृहभेटी आशाताई किंवा अंगणवाडीताईंसोबत करा. दाखवतील तिथे बसा, फोटो काढू नका. 'करून देते' असं चुकूनही म्हणू नका; 'विचारून येते' म्हणा आणि खरंच विचारून या.

वही त्याच रात्री लिहा. माझ्या पहिल्या रिपोर्टात मी लिहिलं होतं, 'कुटुंब गरीब व निराश आहे.' सुपरवायझर मॅडमनी खाली लाल रेघ मारून विचारलं, "तू पाहिलंस काय?" मी परत गेले. शिलाई मशीनचा पट्टा तुटलेला होता, शेजारी लोकांच्या ब्लाउजपिसांचा ढीग तसाच पडलेला. त्या घरातल्या ताईंनी तांदळाच्या डब्यातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत नवऱ्याचा मृत्यूदाखला आणि संजय गांधी निराधार योजनेचा परत आलेला अर्ज. रेशनकार्डावर सासरचं नाव, आधारवर माहेरचं. तेवढ्यावरून अर्ज अडला होता. त्या माउली निराश नव्हत्या, चिडल्या होत्या. तेव्हापासून मी पानावर उभी रेघ मारते: डावीकडे पाहिलेलं-ऐकलेलं, उजवीकडे मला काय वाटलं ते. तुम्हीही असंच करा. व्यक्ती सहयोग कार्याचा, म्हणजे एकेका व्यक्तीसोबत काम कसं करायचं याचा, धडा मला वर्गात नाही, त्या पानावर समजला.

एक तरी अर्ज स्वतः तहसील कचेरीत घेऊन जा, पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

रिपोर्टात खरी नावं लिहू नका. मात्र मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा नुसती शंका आली, तरी ते गुपित राहत नाही. 2012च्या पॉक्सो कायद्यानुसार कळवणं बंधनकारक आहे. सुपरवायझरना लगेच सांगा. बालकांची हेल्पलाइन 1098.

आणि निरोप वेळेवर घ्या. मी परीक्षेच्या गडबडीत न सांगताच वस्तीत जाणं थांबवलं. पुढच्या वर्षी आलेल्या मुलीला ताईंनी आधी विचारलं, "ती आजारी आहे का?" अजून सलतं ते. शेवटच्या महिन्यात घरोघरी तारीख सांगा, अर्ज कुठवर आलाय ते कागदावर लिहून ताईंच्या हातात द्या, एक प्रत आशाताईंकडे ठेवा.