शिनाण्यातला खेकडा ओळखायला बसताना

शिंपल्यांच्या आत राहणाऱ्या इवल्या खेकड्यांवरच्या एमएस्सी प्रकल्पासाठी रत्नागिरीच्या बाजारातून शिनाण्यांचा, म्हणजे मसल शिंपल्यांचा, वाटा आणला, तेव्हा कधी एकदा खेकडा मिळतोय असं झालं होतं. सुरीने आतला स्नायू कापला, शिंपला उघडला, तर कल्ल्यांच्या घडीत वाटाण्याएवढी मादी बसलेली. इतकी मऊ की पाठीतून नारिंगी अंडाशय दिसत होतं. चिमट्याने उचलून बरणीत टाकली. पुढे कालवांतले खेकडेही त्याच बरणीत गेले, शिंपले फेकले. महिनाभराने कुठला खेकडा कशातला, हे सांगता येईना. सगळा गोळा केलेला माल वाया गेला.

म्हणून कळकळीने सांगते: एका खेकड्याला एक बाटली, आणि त्याचा शिंपलाही जपून ठेवा. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाका. फोटो आधीच काढा, अल्कोहोलमध्ये रंग उडतो. डीएनए तपासायचा असेल तर एक पाय वेगळा, 95 टक्के अल्कोहोलमध्ये.

पाठीच्या आकारावर जाऊ नका. मादी मऊ असते, शिंपल्यात जशी दाबली जाईल तशी दिसते. खरी ओळख तोंडावर झाकणासारख्या बसलेल्या तिसऱ्या मॅक्सिलिपेडमध्ये, म्हणजे तोंडाजवळच्या पायासारख्या अवयवात. तो सुईने सोडवायचा, ग्लिसरीनच्या थेंबात ठेवायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं: शेवटचा बारीक तुकडा आधीच्या तुकड्याला नेमका कुठे जोडलाय, त्याच्या टोकापर्यंत पोचतो का. चित्र स्वतः काढा. माझा पहिल्या चित्रात अख्खा दिवस गेला, पण हाताने काढल्याशिवाय तो सांधा मला दिसलाच नव्हता. मग पायांच्या नखांची लांबी मोजा, उजव्या-डाव्या दोन्हीकडच्या.

नर आणि कोवळी मादी दोघंही कडक कवचाची, त्यामुळे पोटाखालचे उपांग बघितल्याशिवाय नर म्हणू नका.

जुन्या पुस्तकांत असा भेटेल तो खेकडा 'पिनोथेरीस' या जीनसमध्ये, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, टाकलेला असतो. 1993 मध्ये खेकड्यांचे अभ्यासक मॅनिंग यांनी त्यातून आर्कोथेरीस वेगळा काढला. आफ्रोपिनोथेरीस हा जीनसही त्यांनी त्याच वर्षी मांडला, आणि 2015 मध्ये त्यातली 'रत्नाकर' ही नवी जात चक्क आपल्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरून नोंदली गेली! जुनं नाव लिहिण्याआधी वर्म्स या समुद्री जीवांच्या नावांच्या ऑनलाइन सूचीत आजचं नाव बघाच.

माझ्याकडच्या दोन माद्यांचे नर अजून मिळालेले नाहीत. त्यांच्या चिठ्ठीवर जीनसपर्यंतच नाव आहे, पुढची जागा कोरी ठेवली आहे.