कॉलेज सॉकरसाठी गॅप इयर घ्यायचं ठरलंय? मग आधी हे बघा

अमेरिकेत सीनियर इयर (हायस्कूलचं शेवटचं वर्ष) संपत आलं तरी कॉलेज टीमकडून मनासारखी ऑफर नाही, अशा मुलामुलींना गॅप इयर, म्हणजे कॉलेजआधी घेतलेलं मोकळं वर्ष, खरंच उपयोगी पडतं. पण आपण नेमके कशात कमी पडतोय ते आधी ठरवा. ताकद, वेग, फर्स्ट टच (आलेला बॉल पहिल्याच स्पर्शात ताब्यात घेणं), की खेळ चांगलाय पण कोणी बघितलंच नाही? प्रत्येकाचा उपाय वेगळा.

सगळ्यात आधी नियम, कारण तिथे घोळ झाला की बाकी मेहनत पाण्यात. एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची मुख्य संस्था, तिच्या एलिजिबिलिटी (खेळायची पात्रता) सेंटरवर नाव नोंदवा. डिव्हिजन १ ला, म्हणजे तिच्या सगळ्यात वरच्या गटाला, हायस्कूलचे १६ कोअर कोर्स (मुख्य विषय) आणि त्यात किमान २.३ जीपीए (ग्रेडची सरासरी) लागतो आणि हायस्कूल वेळेत संपवलं असेल तर नंतरच्या वर्षात एकच कोअर कोर्स वाढवता येतो, म्हणजे ग्रेड सुधारायला हे वर्ष धरूच नका. सॉकरला हायस्कूल संपल्यावर एक वर्षाची सवलत मिळत आलीये, त्यापुढे ऑर्गनाइज्ड मॅचेस (लीग, स्पर्धा वगैरे) खेळत राहिलं की कॉलेजात खेळायचा एक सीझन कापला जायचा. हे नियम बदलत असतात, चालू वर्षाचेच वाचा. आणि या वर्षात फुल टाइम कॉलेज अजिबात नको, कम्युनिटी कॉलेज पण नको, कारण तिथून एलिजिबिलिटीचं घड्याळ सुरू होतं, म्हणजे कॉलेजकडून खेळायची ठराविक वर्षं मोजली जायला लागतात! परदेशी क्लबात ट्रेनिंगला जायचं असेल तर कुठल्याही कागदावर सही करायच्या आधी कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसला (नियम पाळले जातात का ते बघणारं ऑफिस) विचारा.

आता खेळ. ट्रान्सफर पोर्टलमुळे (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी) कोचला २१-२२ वर्षांचे तयार प्लेयर मिळतात, त्यात खेळाडूंना पैसे देण्याबाबतच्या २०२५ च्या कोर्ट सेटलमेंटमध्ये सामील झालेल्या कॉलेजांना सॉकरमध्ये २८ जणांचीच रोस्टर (टीममधल्या एकूण खेळाडूंची) मर्यादा आहे, त्यामुळे नुसतं ॲकॅडमीत ट्रेनिंग करून भागत नाही, मोठ्यांविरुद्ध मॅचेस खेळायलाच हव्यात. त्यासाठी कॉलेजबाहेरच्या लीग आहेत: यूपीएसएल, उन्हाळ्यात यूएसएल लीग टू, मुलींना डब्ल्यूपीएसएल किंवा यूएसएल डब्ल्यू लीग. टीम निवडताना नाव बघू नका, मिनिटं किती मिळणार ते विचारा. बेंचवर बसून वर्ष काढलं तर व्हिडिओ कशाचा पाठवणार?

कॉलेजचा सीझन ऑगस्ट ते डिसेंबर, कोच तेव्हा बिझी असतात, पण ईमेल तेव्हाच सुरू करा म्हणजे हिवाळ्यातल्या शोकेसला (कोच प्लेयर बघायला येतात त्या स्पर्धा) ते तुम्हाला शोधतील. ईमेलच्या विषयातच हायस्कूल कधी संपलं, कॉलेज कधी सुरू करणार आणि पोझिशन लिहा, नाहीतर ते तुम्हाला पुढच्या बॅचचे समजतील. तीन-चार मिनिटांच्या क्लिपसोबत एक अख्खी मॅच पण द्या, बॉल पायात नसताना तुम्ही काय करता ते त्यातच दिसतं.

आयडी कॅम्पचं (कॉलेज कोच खेळाडू पारखतात तो कॅम्प) आमंत्रण आलं म्हणून हुरळून जाऊ नका, तसले ईमेल ढिगाने जातात. कोचने स्वतः फोन केला, तुमच्या मॅचबद्दल काही नेमकं बोलला, तर तो खरा इंटरेस्ट. मग सरळ विचारा, माझ्या पोझिशनचे किती जण यंदा बाहेर पडताहेत?

पैशाचं पण बघा, डिव्हिजन ३ आणि आयव्ही लीगला (हार्वर्ड, येल वगैरे कॉलेजं) ॲथलेटिक स्कॉलरशिप नसते. आणि कुठे ॲडमिशन आधीच मिळाली असेल तर ती वर्षभर पुढे ढकलता येते का, मेरिट स्कॉलरशिप टिकते का, हे ॲडमिशन ऑफिसकडून लेखी घ्या, कोचच्या तोंडी शब्दावर थांबू नका.