हानियात नव्याने आलात? तिथी विसरा, वारा बघा

ग्रीसच्या क्रीट बेटावर, हानिया शहरात आलेलं प्रत्येक नवं मराठी कुटुंब पहिल्याच आठवड्यात मला फोन करून विचारतं, "ताई, आधी बालोसचा किनारा करू की एलाफोनिसीचा?" मी उलट विचारते, "आज वारा कुठला आहे?" पलीकडे क्षणभर शांतता.

तुमच्यात कुणी मालवण-रत्नागिरीकडचे असाल तर भरती-ओहोटीचं गणित तुमच्या अंगातच असेल. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग. ते गणित इथे बाद. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी नावापुरतीच, सकाळी पाण्यापासून चार पावलांवर टाकलेली चटई संध्याकाळीही चारच पावलांवर असते. इथे समुद्राचा स्वभाव ठरवतो तो वारा. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी सुटतो. तो पाऊस आणत नाही, ढगही आणत नाही. आभाळ निळंशार, ऊन लख्ख, आणि घराच्या खिडकीतून बघितलं तर समुद्रावर जायला याहून चांगला दिवस नाही असंच वाटतं.

आम्हीही तसेच फसलो. पहिल्या ऑगस्टमध्ये सासूबाई आल्या होत्या. हौसेनं थालीपिठं, दह्याची चटणी बांधून फालासार्नाला नेलं. पश्चिमेचा हा किनारा लांबलचक, सूर्यास्तासाठी सुरेख, पण अगदी उघडा. छत्री दोनदा उलटी झाली, तिसऱ्यांदा पळाली. डबा उघडून झाकण खाली ठेवेपर्यंत आत वाळूचा थर. सासूबाईंनी एक घास घेतला, सावकाश चावला आणि म्हणाल्या, "अगं, हे थालीपीठ आहे की पॉलिश पेपर?" त्या दिवसापासून आमच्या घरी आधी वारा बघतात, मग पीठ मळतात.

इथले लोक वारा बोफोरमध्ये मोजतात. बेकरीतल्या बाईपासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी 'आज पाच बोफोर', 'उद्या सात'. माझा हिशेब साधा आहे: तीनपर्यंत कुठेही जा. चार-पाच असेल तर लहान मुलांना घेऊन उत्तरेच्या उघड्या किनाऱ्यावर जाऊ नका. त्यापुढे घरी बसा किंवा आडोसा शोधा. लाल बावटा असेल तर पाण्यात पाऊलही नको, मग शेजारचा जर्मन पोहत का असेना. येऑर्गिउपोलीची पुळण दिसायला सपाट आणि भोळी, पण तिथे पाण्याला ओढ आहे. तशा पाट्याही लावल्यात.

दक्षिणेला गेलं की सुटलो, असं मात्र समजू नका. मेल्तेमी डोंगर ओलांडून त्या बाजूला झोतांनी कोसळतो. वारा जमिनीकडून समुद्राकडे असल्यामुळे लाट उठत नाही, पाणी काचेसारखं दिसतं, आणि पोर हवेच्या गादीवर पडल्या पडल्या भुर्रकन लांब जातं. पुढचा किनारा लिबियाचा आहे. दक्षिणेला जाताना गादी घरी ठेवा.

दक्षिणेत माझं आवडतं गाव पालेओहोरा. गाव एका चिंचोळ्या टोकावर वसलंय. पश्चिमेला वाळूची पुळण, पूर्वेला गोट्यांचा किनारा, मधे चालत पाच-दहा मिनिटं. एका बाजूला वारा असला की सगळं गाव चटया उचलून दुसऱ्या बाजूला जातं. मुलं लहान असतील तर फ्रांगोकास्तेलो बघा. व्हेनिसवाल्यांनी चौदाव्या शतकात बांधलेला चौकोनी किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी गुडघाभर पाणी. लुत्रोजवळच्या ग्लिका नेराला, म्हणजे 'गोड्या पाण्या'ला, गाडी जात नाही. बोटीनं किंवा पायवाटेनंच जायचं. तिथे समुद्राच्या अगदी कडेला गोटे उकरले की खालून गार गोडं पाणी झिरपतं. ओंजळीनं पिऊन बघा.

आता बालोस आणि एलाफोनिसी, कारण मी काहीही सांगितलं तरी तुम्ही जाणारच. बालोसला किसामोसहून बोट जाते, पण जोरदार वारा असला की रद्द होते, म्हणून आदल्या संध्याकाळी विचारा. गाडीनं गेलात तर शेवटचा आठेक किलोमीटर कच्चा रस्ता आहे. भाड्याच्या गाडीच्या विम्यात असा रस्ता बहुधा बसत नाही, करार नीट वाचा. गाडी वर लावून पायी खाली उतरताना मजा वाटते. दुपारी तीनला पोराला कडेवर घेऊन तोच डोंगर चढताना मला बोल लावू नका. एलाफोनिसीची वाळू शंखशिंपल्यांच्या चुऱ्यामुळे गुलाबी दिसते, पण इन्स्टाग्रामवर दिसते तितकी नाही. मूठभर वाळू आठवण म्हणून खिशात टाकायची नाही, बंदी आहे. दोन्ही ठिकाणी ऑगस्टमध्ये जत्रा असते. सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला जा. पाणी तेव्हाही उबदार असतं. उलट मे महिन्यात ऊन कडक आणि पाणी गार. आपल्यासारख्यांना तर दात वाजवणारं.

सेइतान लिमानिया म्हणजे सैतानाची बंदरं. सैतान तोच, तुर्कीतून इकडे आलेला. फोटो अप्रतिम, वाट बकऱ्यांची. चपला घालून उतरू नका, आणि वयस्करांना तर नेऊच नका. खायच्या पिशव्या सांभाळा, बकऱ्या थेट वाळूवर येतात. वाईचं (आपली साताऱ्याची वाई नव्हे, इथला एक किनारा) खजुरीचं बन बेटाच्या दुसऱ्या टोकाला आहे, एका दिवसात जाऊन यायचा विचारही नको.

छत्र्या-खुर्च्यांवरून संकोचू नका. किनारा सगळ्यांचा असतो, खासगी नसतो. 2024 च्या नव्या कायद्यानं भाड्याच्या खुर्च्यांना मर्यादा घातली आहे. मोकळ्या जागेत आपली चटई टाका, कुणी उठवलं तर शांतपणे नाही म्हणा. खडकाळ जागी पाण्यात घालायचे बूट हवेतच. समुद्री साळिंदराचे काळे काटे एकदा तळपायात गेले की आठवडा जातो. आणि वाळूत छोटा पिंजरा किंवा खुणेच्या काठ्या दिसल्या तर तिथे छत्री खोचू नका, खाली कासवाची अंडी असतात. वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना पाहिली असतील तर वेगळं सांगायला नको. जात तेवढी निराळी.

हिवाळ्याकडे वळता वळता कधी कधी दक्षिणेचा वारा येतो. आफ्रिकेची धूळ घेऊन येतो, बाल्कनी पिवळट होते, डोकं दुखतं. पण अशा दिवशी उत्तरेचा समुद्र सपाट पडतो. शेजारची आजी तेव्हा म्हणते, "थालासा लाधी", समुद्र तेल झालाय. अशा वेळी गावातल्याच नेआ होराला जा. बस नको, गाडी नको.

आणि हो, एक किनारा आहे त्याचं नाव ऐकून तुम्ही हसणार: मराथी. हानियाजवळच्या आक्रोतिरी द्वीपकल्पाच्या दक्षिण अंगाला, सुदाच्या खाडीच्या तोंडाशी. नावाचा आपल्याशी काही संबंध नाही, 'माराथो' म्हणजे बडीशेप. उत्तरेच्या वाऱ्याला पाठ केलेली जागा, उथळ पाणी, मधे छोटा धक्का आणि मागे मासळीच्या खाणावळी. बाकी ठिकाणी सहा बोफोर असले तरी इथे पोरं डुंबत असतात. पाणी मात्र मधेच गार लागतं, तळातून झरे येतात.

या रविवारी आम्ही तिथेच आहोत. दहाच्या आत या, नंतर गाडी लावायला जागा मिळत नाही. चटई तुमची आणा, छत्री माझ्याकडे आहे.