नवी इलेक्ट्रिक माउंटन बाइक घरी जोडताना या चुका टाळा

खोक्यातून निघते तेव्हा ही बाइक बहुतेक जोडलेलीच असते. हँडल, पुढचं चाक, सीट आणि पेडल, एवढंच आपल्याला बसवायचं असतं. तरी कोल्हापुरात घोळ होतो, कारण हाताला सवय गच्च आवळायची. उद्यमनगरात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागात, ऊठबस असलेल्या घरात तर पाना हातात आला की जोर लागलाच म्हणून समजा. जुन्या लोखंडी सायकलने तो सोसला. इथे बरेच भाग अॅल्युमिनियमचे असतात.

सगळ्यात महाग पडतं पेडल. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. दोन्ही पेडलांवर ‘एल’ आणि ‘आर’ कोरलेलं असतं ते आधी बघा. पाना वर धरून पुढच्या चाकाकडे फिरवला की दोन्ही आवळली जातात, हे लक्षात ठेवलं तरी पुरे. आट्यांना थोडं ग्रीस लावा आणि पहिले तीन-चार फेरे बोटांनीच द्या. अडकलं तर बाहेर काढून पुन्हा सरळ लावा. पान्याने रेटलंत तर क्रँकचे (पेडल ज्यात बसतं त्या दांड्याचे) आटे जातात आणि मग बहुतेक वेळा क्रँकच बदलावा लागतो.

पॅकिंगसाठी पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणारा भाग) बऱ्याचदा फिरवून ठेवतात. डिस्क ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे डिस्क चिमटीत पकडणारा भाग, आपण बाइकवर बसल्यावर डाव्या हाताला यायला हवा. उजवीकडे दिसला तर फोर्क उलटा आहे. ब्रेक हायड्रॉलिक (तारेऐवजी द्रवाच्या दाबावर चालणारा) असेल तर चाक नसताना लिव्हर दाबू नका. पॅड चिकटून बसतात, मग डिस्क आत जात नाही.

स्टेमचं, म्हणजे हँडल फोर्कला जोडणाऱ्या भागाचं, काम क्रमाने करा. आधी वरच्या टोपीचा बोल्ट, पुढचा ब्रेक दाबून बाइक हलवल्यावर टकटक थांबेपर्यंतच. मग बाजूचे बोल्ट, आलटून पालटून. किती आवळायचं तो आकडा स्टेमवरच छापलेला असतो, बहुधा ५-६ न्यूटन-मीटर. टॉर्क रेंच, म्हणजे किती जोर लागला ते कळणारा पाना, कुणाकडून तरी मागून आणा. या गावात तो मिळणार नाही असं होत नाही.

डिस्प्ले लागत नसेल तर कंट्रोलरला (मोटरला वीज सोडणाऱ्या सर्किटला) शिव्या घालण्याआधी बॅटरी ‘टक’ आवाज येईपर्यंत बसलीय का, तिचं स्वतःचं बटण चालू आहे का, ते बघा. मग वायरींचे जोड. त्यांवर बाण असतात. बाणासमोर बाण धरून सरळ दाबायचं. पिळलंत तर आतल्या पिना वाकतात. डिस्प्ले लागतो पण मोटर ओढत नाही? असिस्ट (मोटरच्या मदतीची पातळी) शून्यावर नाही ना ते पाहा आणि ब्रेक लिव्हर पूर्ण मागे येतोय का तपासा. लिव्हर जरा जरी दाबलेला राहिला तरी मोटर बंदच राहते.

चार्जर मात्र सोबत आलेलाच वापरा. ३६ व्होल्टच्या बॅटरीच्या चार्जरवर ४२ लिहिलेलं असतं, ते बरोबरच आहे. ४८ व्होल्टचा चार्जर ५४.६ देतो. पिन बसली म्हणून घरातला दुसरा लावलात तर आगीचा धोका.

नवे ब्रेक पहिल्या दिवशी धरत नाहीत. मोकळ्या सपाट रस्त्यावर वेग घेऊन हळू करण्याचे पंधरा-वीस फेरे मारा, चाक लॉक होऊ न देता. त्याआधी पन्हाळ्याला जाऊन वाघबीळचा उतार उतरायचा नाही. चेनला स्प्रे मारताना डिस्कवर उडाला तर ब्रेक किंचाळतो. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पॅड तेल प्यायले असतील तर बदला.

पहिल्या फेरीनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा. हब मोटर (चाकाच्या मध्यातली मोटर) असेल तर तिच्या एक्सलच्या नटांना मात्र खरा जोर लागतो, तिथे हात राखू नका. आणि ‘स्पीड लॉक (वेगाची मर्यादा) काढून देतो’ म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेपर्यंतच नोंदणी आणि लायसन्सची कटकट नाही.