तिसऱ्या (खाण्याचे शिंपले) कितीही धुतल्या तरी रश्श्यात वाळू लागते? माझा अनुभव

नळाखाली चोळून झाल्या, रात्रभर साध्या पाण्यात ठेवून झाल्या, तरी घासागणिक कचकच. वैतागून मध्यंतरी तिसऱ्या आणणंच बंद केलं होतं. गोड्या पाण्यात त्या शिंपले घट्ट मिटतात, मग वाळू बाहेर येणार कशी?

१ लिटर पाण्यात ३० ग्रॅम जाडं मीठ पूर्ण विरघळवा. पातेल्यात चाळण अधांतरी बसवून तिच्यात तिसऱ्या एकाच थरात पसरा. टिचकी मारूनही न मिटणाऱ्या आधीच फेका. जेमतेम बुडतील इतकं मिठाचं पाणी ओता, झाकून २-३ तास ठेवा. वाळू तळाशी बसते. चाळण अलगद उचला, पातेलं ओतू नका.

मग धुऊन वाफवा, न उघडलेल्या टाका. सुटलेलं पाणी फडक्यातून गाळून रश्श्यात घाला (खरी चव त्यातच!), मीठ मात्र चाखूनच.